गाण्याच्या मुखपृष्ठावर आपल्या हातची रेघ

मी बदलापूरजवळच्या बेलवलीहून बोलतेय. इथल्या महिला बचत गटांची मी समन्वयक आहे. एरवी आपण या कार्यक्रमात पापड, मसाले, कर्जाचे हप्ते, बँकेची कामं यांवर बोलतो. आज मी गाण्याच्या चित्राबद्दल बोलणार आहे. गाण्याचं कसलं चित्र, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्यांच्या हातात रांगोळी आहे, गोधडी आहे, भरतकाम आहे, भिंतीवरचं चित्र आहे, त्या सगळ्यांच्या कामाची ही गोष्ट आहे. यात चार पैसेही आहेत आणि आपलं नावही आहे.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत, त्यांना कॅसेट आठवत असतील. जत्रेत कॅसेटचा स्टॉल लागायचा. गाणी ऐकायच्या आधी आपण काय बघायचो? कॅसेटवरचं चित्र. विठोबा दिसला की अभंग, होडी दिसली की कोळीगीतं, निळा झेंडा दिसला की भीमगीतं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण दहा कॅसेटमधून हवी ती कॅसेट ती चित्रावरून काढून द्यायची. गाण्याच्या मुखपृष्ठाचं काम हेच. गाणं कानावर पडायच्या आधी ते डोळ्यांना सांगायचं.

ही पद्धत काही फार जुनी नाही. पूर्वी ग्रामोफोनच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. मोठं संगीत असलं की चार-पाच तबकड्या लागायच्या. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे. म्हणून गाण्यांच्या संचाला आजही ‘अल्बम’ म्हणतात. त्या वह्या दिसायला अगदी साध्या असायच्या, दुकानात फडताळावर नुसत्या पाठमोऱ्या उभ्या. अमेरिकेत कोलंबिया नावाच्या कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तेविशीतला तरुण कामाला होता. १९४० च्या सुमाराला तो म्हणाला, यावर मी चित्र काढतो. चित्रं आली आणि तबकड्यांचा खप वाढला. पुढे मोठी एलपी तबकडी आली, तिचं पाकीट बारा इंच बाय बारा इंच. मग हाताच्या पंजाएवढी कॅसेट आली. मग सीडी आली. आणि आता? आता गाणं मोबाइलवर येतं आणि त्याचं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. पण चित्र लागतंच. चित्राशिवाय गाणं मोबाइलवर चढवताच येत नाही.

आता हे चित्र काढून घेणारे कोण? सिनेमाच्या मोठ्या कंपन्यांकडे त्यांची माणसं असतात. पण हल्ली आपल्या गावाशहरांतली मुलं-मुली स्वतःची गाणी स्वतः लिहितात, स्वतः वाजवतात, पदरचे पैसे घालून रेकॉर्ड करतात. पाठीशी कंपनी नाही, सिनेमा नाही. त्यांना इंडी बँड म्हणतात, म्हणजे स्वतंत्र गाणारे. मुंबईत ‘स्वदेशी’ नावाचा असा एक गट आहे. ते मराठीसकट बऱ्याच भाषांत रॅप गातात. आरे कॉलनीतल्या केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ नावाचं गाणं केलं. आदिवासींची जमीन आणि जंगल यांवरचं ते गाणं आहे. शहरातली मुलं आणि पाड्यावरचा माणूस एका गाण्यात शेजारी उभे राहतात, हे मला त्यात फार आवडलं. अशी मुलं आता जागोजागी आहेत. त्यांना चित्र लागतं आणि त्यांच्याकडे पैसे कमी असतात. म्हणून ती आपल्यासारख्यांच्या दारात येतात.

आमच्याही दारात आली. गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. आपल्याच बदलापुरातली चार मुलं, एक अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला, बाकीची कॉलेजात. आमच्या मासिक सभेच्या दिवशी आली आणि दाराशी चपला काढून बसली. म्हणाली, “ताई, आम्ही सहा गाणी केलीत. सगळी उल्हास नदीवर. आम्हाला वारली चित्र हवंय मुखपृष्ठाला.”

आमच्या गटात एक ताई आहे, माहेर डहाणूकडचं. तिचं नाव मी इथे घेत नाही, रेडिओवर माझं नाव नको असं तिनंच सांगितलंय. ती लग्न होऊन इकडे आली, घरकाम करते, आणि दुपारी आमच्या गटात चित्रं काढते. तिच्याबरोबर आणखी दोघी शिकल्या. त्या मुलांनी आमचं एक चित्र प्रदर्शनात पाहिलं होतं.

मुलांनी गाणी ऐकवली, मोबाइलवरच. आम्ही बावीस बायका, एवढासा आवाज, बाहेर लोकल जातेय. तरी ऐकलं. २०१९ च्या जुलैतल्या पुराचं एक गाणं होतं. तुम्हाला आठवत असेल, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं आत होती आणि त्यांना बोटींतून बाहेर काढलं. आमच्यातल्या दोघींच्या घरात त्या वेळी कमरेएवढं पाणी होतं. त्या गाण्याला एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काम झालंच.

पण मुलं म्हणाली, “आम्हाला तो लग्नातला चौक हवाय. मधे देवी असते ना, तो. मोबाइलवरचं चित्र चौकोनीच लागतं आणि चौकही चौकोनीच असतो. एकदम फिट बसेल.”

ताई गप्प झाली. मग म्हणाली, “तो चौकोन नाही बाबा. ते देवीचं घर आहे. लग्न असल्याशिवाय ते मी काढायची नाही.”

मैत्रिणींनो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. तो काढायचा मान सवाशिणींचा. मधे पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते, ती गाणी म्हणते. ही चित्रकला मुळात बायकांचीच. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडच्या पाड्यांवर गेले, त्यांनी हे काम कागदावर आणवलं आणि मग ते जगभर गेलं. जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मासे पकडणं, शेती, तारपा नाच, बाजार, हे सगळं कागदावर आलं, विकलं गेलं, चांगलंच झालं. चौकही बरेच जण कागदावर काढून विकतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या ताईचं म्हणणं एवढंच होतं की मी विकणार नाही.

मुलं हिरमुसली. आणि खरं सांगते, आमच्या गटातही दोन तट पडले. एक मावशी म्हणाली, “अगं, कागदावरची देवी ती. पोरं तीन हजार देतायत. तीन हजार म्हणजे तुझ्या दोन घरची धुणीभांडी.” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ताईच्या मुलीच्या शाळेची फी बाकी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ताई हलली नाही. म्हणाली, “नदी काढते. पूर काढते. गाडी काढते. ते नाही.”

असं दुसरीकडेही घडलंय. एरोस्मिथ नावाचा अमेरिकेतला मोठा बँड. १९९७ साली त्यांच्या एका अल्बमवर कालियामर्दनाच्या चित्रावरून केलेलं चित्र छापलं आणि कृष्णाला मांजराचं तोंड लावलं. तिथल्या हिंदूंनी हरकत घेतली. कंपनीला माफी मागून मुखपृष्ठ बदलावं लागलं. कुणाच्या तरी घरचा देव आहे, एवढं आधी विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. आमच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांतला एक जण समजूतदार निघाला. म्हणाला, “मग ताई, तुम्हाला गाणं ऐकून जे दिसेल ते काढा.” खरं तर कामाची सुरुवात तिथूनच झाली.

आता काम कसं केलं ते सांगते, कारण उद्या तुमच्याकडेही कुणी येईल.

पहिलं, गाणी मागून घेतली आणि तीन दिवस ऐकली. पोळ्या लाटताना, भांडी घासताना. ताईला गाण्यांतले अर्धे शब्द कळेनात, तेव्हा मुलांकडून शब्द लिहून घेतले आणि तिच्या मुलीनं वाचून दाखवले.

दुसरं, आकार. बहुतेक ठिकाणी ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतात. पिक्सेल म्हणजे चित्रातले ठिपके, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. आडवे तीन हजार, उभे तीन हजार. आपण कागदावर बारा इंच बाय बारा इंच काढलं की पुरतं. मोठं काढून लहान करता येतं, लहान काढून मोठं केलं की फाटतं.

तिसरं, आणि इथेच आम्ही चुकलो. ताईनं पहिलं चित्र काय सुंदर काढलं होतं! गाडीचे सतरा डबे, प्रत्येक खिडकीत माणूस, सभोवती पाणी, पाण्यात मासे, काठावर पाडा, झाडं, झाडांवर पाखरं. तिनं दोन दिवस डोळे फोडले त्यावर. मग त्याचा फोटो काढून मोबाइलवर नखाएवढा केला आणि हात लांब करून बघितलं. मावशी म्हणाली, “ही तर केस विंचरायची फणी दिसते.” खरंच, गाडीची फणी झाली होती आणि माशांचे नुसते ठिपके. बारीक रेघ भिंतीवर शोभते, मोबाइलवर ती दिसतच नाही.

दुसऱ्या वेळी ताईनं सतराचे तीन डबे केले. माणसं मोजकी सात, पण ठसठशीत. वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, ते मोठे काढले की लांबूनही ओळखू येतात. पाण्याच्या रेघा गोल फिरत गाडीभोवती आल्या, तारप्याच्या नाचात माणसं फिरतात तशा. वर एक होडी, होडीत हात लांब केलेली एक बाई. बस्स. नखाएवढं केलं तरी कळत होतं की पाणी आहे, गाडी आहे आणि कुणीतरी हात देतंय. तुम्हीही हे करून बघा. चित्र पुरं व्हायच्या आधीच, नुसतं पेन्सिलीनं असतानाच फोटो काढून लहान करून बघा. आमचे दोन दिवस गेले, तुमचे वाचतील.

रंगाचं म्हणाल तर भिंतीवर गेरू आणि तांदळाचं पीठ चालतं, कागदावर पिठाचे पोपडे निघतात. म्हणून गेरूच्या रंगाचा जाड पुठ्ठा आणि पांढरा पोस्टर कलर घेतला. बँडचं नाव चित्रावर लिहिलं नाही. ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं, ताईच्या नववीतल्या मुलीनं. कारण त्यांना कधी नावासकट चित्र लागतं, कधी नावाशिवाय. अक्षर चित्रावरच लिहिलं की मग खोडता येत नाही. फोटो मात्र मोबाइलनं काढून दिला नाही, झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या मशिनवर स्कॅन करून आणला. मोबाइलच्या फोटोत एका बाजूला सावली पडते आणि चौकोन तिरका होतो.

हे झालं हाताचं काम. आता कागदाचं काम, आणि त्यासाठी आधी माझी एक चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराला आम्ही एक चित्र दिलं होतं. त्यानं आठशे रुपये दिले. मी म्हटलं, ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला? समन्वयक मी, बीए झालेली मी, आणि असं मी म्हटलं. पुढे तेच चित्र कापडी पिशव्यांवर छापलेलं दिसलं, मग डायऱ्यांवर. नाव कुठेच नाही. विचारायला गेलो तर तो म्हणाला, “तुम्ही पैसे घेतलेत ना?” माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं. ताई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी विधी सेवा समितीच्या वकीलबाईंकडे गेले. हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो, कायद्यानं कुठल्याही बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. जवळच्या न्यायालयात चौकशी करा. तिथे मला जे समजलं ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते.

आपण चित्र काढलं की त्यावर कॉपीराइट आपोआप येतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे लेकीनातींपर्यंत. पण यात एक मेख आहे. १९५७ च्या आपल्या कायद्यात असं आहे की कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन चित्र काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क पैसे देणाऱ्याचा धरला जातो. म्हणजे आपण गप्प राहिलो तर हक्क गेला! म्हणून कागदावर स्पष्ट लिहायचं, की चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहील आणि अमुक कामासाठी, अमुक वर्षं वापरायची परवानगी देत आहोत. आणखी एक गोष्ट. हक्क विकला तरी ‘हे चित्र माझं आहे’ असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडे उरतोच. आणि कुणी चित्राची मोडतोड करून आपली बदनामी होईल असं काही केलं, तर हरकतही घेता येते.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आपल्या बदलापूरच्या जांभळाला मिळालं तसं. पण मानांकन साऱ्या समाजाच्या कलेला असतं. एकेका चित्राचा हक्क आपला आपल्यालाच सांभाळावा लागतो.

हक्क म्हणजे काय, ते एका जिभेच्या गोष्टीवरून कळेल. लंडनमधला जॉन पाश नावाचा कलाशाळेतला विद्यार्थी. १९७० साली त्याला रोलिंग स्टोन्स या बँडनं चिन्ह करायला सांगितलं. बँडच्या गायकानं त्याला आपल्या कालीमातेचं चित्र दाखवलं. त्यावरून पाशनं लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ काढली. मजुरी ५० पौंड. ती जीभ आज जगभर टी-शर्टवर दिसते, आपल्या उल्हासनगरच्या बाजारातसुद्धा दिसेल. पण पाशनं हक्क सोडले नव्हते. पुढे त्यानं ते रीतसर कागद करून २६ हजार पौंडांना विकले.

आणि दुसरी गोष्ट एका बाईची. बीटल्स या बँडचा १९६७ सालचा ‘सार्जंट पेपर’ नावाचा अल्बम. त्याचं मुखपृष्ठ जगातल्या सर्वांत गाजलेल्या मुखपृष्ठांपैकी एक. त्यात पुढे एक लक्ष्मीची मूर्तीही आहे. गांधीजींचंही चित्र त्यात असणार होतं, ते कंपनीनं काढायला लावलं. हे काम पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या नवराबायकोनं मिळून केलं. मजुरी मिळाली २०० पौंड, तीही एकदाच. जॅन हॉवर्थ कापड शिवून माणसाएवढ्या बाहुल्या करायची. त्या मुखपृष्ठावर तिच्या हातच्या शिवलेल्या बाहुल्या आहेत. पण आजही लोक सहज म्हणतात, पीटर ब्लेकचं मुखपृष्ठ. बायकोचं नाव राहून जातं. आपल्याला हे नवीन नाही. शेतावर राबते बाई आणि सातबारावर नाव असतं नवऱ्याचं.

म्हणून आम्ही ठरवलं, तिघींची नावं. एकीचं नाही, नुसतं गटाचंही नाही.

मग मुलांबरोबर बसून हिशेब केला. ताईचे पाच दिवस, दोघींचे दोन-दोन, असे नऊ दिवस. दिवसाला पाचशे धरले तर साडेचार हजार. पुठ्ठा, रंग, स्कॅन मिळून पाचशे. झाले पाच हजार. ही झाली नुसती मजुरी. चित्र वापरायचे म्हणून आम्ही वर दोन हजार सांगितले. मुलांकडे होते तीन. मुलांचे चेहरे उतरले. त्यांच्याकडेही खरंच नव्हते, हे दिसत होतं. तेव्हा असं ठरलं, मजुरी पाच हजार पुरी द्यायची, अर्धी आधी, अर्धी चित्र देताना. वापराचे दोन हजार आम्ही सोडले, पण त्याच्या बदल्यात परवानगी फक्त मोबाइलवरच्या गाण्यांसाठी आणि तीन वर्षांपुरती. टी-शर्टवर छापायचं असेल तर प्रत्येक टी-शर्टमागे पंधरा रुपये वेगळे.

कागद एका पानाचाच केला. मराठीत. त्यात आठ गोष्टी: कुठलं चित्र, कशासाठी वापरायचं, किती वर्षं, कुठे, किती पैसे आणि कधी, नावं कशी द्यायची, बदल करायचा झाल्यास विचारूनच करायचा, आणि मूळ चित्र कुणाकडे राहील. मूळ चित्र आमच्याकडे. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख. गटाच्या सभेत ठराव करून प्रोसिडिंगला लिहून घेतलं. वर्षं लिहायला विसरू नका. हक्क लिहून दिला आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो.

पैशांची वाटणीही आधीच लिहिली. सामानाचे पाचशे गेले, उरलेल्या साडेचार हजारांतले दहा टक्के, म्हणजे साडेचारशे, गटाला. राहिले चार हजार पन्नास. नऊ दिवसांनी भागले तर दिवसाला साडेचारशे. ताईला सव्वादोन हजार, दोघींना नऊशे-नऊशे. भांडण नाही, कुरबुर नाही.

गाणी आली. आम्ही सगळ्या सभेत मोबाइल मधे ठेवून बघत बसलो. चित्र होतं. पण नावं? नावं नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, पुन्हा तेच. मी त्याच संध्याकाळी मुलांना फोन केला. मैत्रिणींनो, तीन वर्षांपूर्वी त्या दुकानात बोलताना माझा आवाज कापत होता. या वेळी नाही कापला. समोर कागद होता. मी सहावा मुद्दा वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, “सॉरी ताई, घाईत राहिलं.” दोन दिवसांत गाण्याच्या माहितीत तिघींची नावं आली. खोटेपणा नव्हता त्याच्यात, विसरलाच होता. पण आपलं नाव विसरणं लोकांना फार सोपं जातं. आठवण करून द्यायला कागद लागतो.

दिवाळीनंतर मुलांनी साठ टी-शर्ट काढले आणि न मागता नऊशे रुपये आणून दिले.

ताईनं आपलं नाव मोबाइलवर बघितलं तेव्हा ती काय म्हणाली, ते सांगते आणि थांबते. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. आपल्या नावावर तिनं बोट ठेवलं आणि मुलीला म्हणाली, “यात माझं आडनाव सासरचं लिहिलंय. पुढच्या वेळी दोन्ही लिहायला सांग. हात माहेरी शिकलाय.”

तर पुढच्या कागदात नववा मुद्दा येणार आहे. तुमच्या गटातही अशी एखादी ताई असेल. पुढच्या मासिक सभेत तिला विचारा, तू काय काढून देशील आणि काय कितीही पैसे मिळाले तरी काढणार नाहीस. तिचं उत्तर प्रोसिडिंगला लिहून ठेवा. दर मागाहून ठरवू.

नमस्कार.